रॉनी शेदीन बर्फावर

दर शनिवारी सकाळी सव्वानऊला माझा स्केटिंगचा बालवर्ग बर्फावर उतरतो. चार ते आठ वर्षांची अठरा मुलं, प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटवर पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव. मला बहात्तरावं लागलंय, नावं विसरायला होतात, म्हणून चिकटपट्टीची फार सोय. त्या ऑक्टोबरात मी रांगेपुढून नावं वाचत चालले होते. एबा, सिग्गे, तिंद्रा, लोव्हा, आणि मग पुढची चिकटपट्टी एकदम दोन हात वर गेली. रॉनी.

"गुनवोर," तिंद्रानं माझी बाही ओढली, "हा कुणाचा बाबा आहे?"

"इथं कुणाचाच नाही," रॉनी म्हणाला. "मी शिकायला आलोय."

"किती वर्षांचा आहेस?"

"त्रेपन्न."

तिंद्रा सात वर्षांची. तिनं त्याला पायापासून हेल्मेटपर्यंत नीट पाहिलं. "फारच उशीर केलास."

"हो ना. वाटेत फुटबॉल लागला."

आमच्या हर्नेसांद गावात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही रॉनी शेदीन कोण हे सांगावं लागत नाही. गावाच्या संघात तो एकोणीस वर्षं बचावाच्या मधोमध उभा होता. ब्याण्णव किलो वजन. समोरच्या संघाचे चपळ पोरगे त्याच्यावर येऊन आपटायचे आणि खाली बसायचे. चारशेवर सामने खेळला, पण गोल एकही नाही. म्हणजे समोरच्या जाळ्यात नाही, स्वतःच्या जाळ्यात दोन आहेत. आता तो लोकांच्या न्हाणीघरात फरशा बसवतो.

आमच्या क्लबात मोठ्यांचा वर्ग नाही, हे मी त्याला फोनवर सांगितलं होतं. "मुलांबरोबर चालेल का?"

"मुलं चावतात का?"

"एकदोन चावतात."

"चालेल," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी मी पडायला शिकवते. ज्याला पडता येतं त्याला भीती उरत नाही, आणि भीती गेली की निम्मं स्केटिंग आलंच. गुडघे वाकवायचे, बाजूला बसकण मारायची, हात पोटाशी घ्यायचे, मग एका गुडघ्यावर येऊन उठायचं. मुलं धपाधप पडली आणि उठली. रॉनी पडला तो उठेचना. एक हात वर करून, तोंड वाकडं करून पडून राहिला.

"ह्याला लागलं का?" सिग्गेनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तो फ्री-किकची वाट बघतोय."

बर्फ सारखं करणारं मोठं यंत्र येर्केर चालवतो. तो रॉनीच्याच संघाचा गोलकीपर होता. आता पोट सुटलंय, तोंड मात्र तेव्हाही सुटलेलंच होतं. त्यानं यंत्रावरूनच हाक मारली, "उठ रे, शेदीन! रेफरी घरी गेला!"

दुसरी खोड जाता जाईना. तोल सुटला की एखादा घाबरून कठडा धरतो, एखादा ओरडतो. रॉनी सरळ पाय पुढे टाकून घसरत जायचा, जणू समोर कुणाच्या पायात बॉल आहे. एकदा तो असा घसरला आणि तीन मुलं एकावर एक अशी त्याच्या अंगावर कोसळली. मी धावले. ढिगाऱ्यातून लोव्हाचा आवाज आला, "परत! परत!" त्या दिवसानंतर तासाची शेवटची पाच मिनिटं मला त्या खेळासाठी राखून ठेवावी लागली.

तिसरी खोड मानेची. नजर सतत पायांपुढच्या दोन हातांवर.

"रॉनी, खाली बघू नकोस. तिथं बॉल नाहीये."

"सवय आहे गं."

"घड्याळाकडं बघ. भिंतीवरच्या. मान वर राहिली की पाठ सरळ राहते, आणि पाठ सरळ राहिली की पाय आपले आपण ऐकतात."

तो घड्याळाकडं बघून स्केटिंग करू लागला. पहिल्यांदा कठड्यावर आपटला, कारण कठडा घड्याळाच्या खालीच होता. पण पाठ सरळ होती.

पन्नास वर्षं शिकवतेय. कोण टिकेल ते मला पहिल्या महिन्यात कळतं. हुशारीचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. जे मूल पडल्यावर आधी हसतं ते टिकतं. रॉनी पडला की हसायचा, आणि त्याचं हसू इतकं मोठं होतं की वरच्या बाकांवर कॉफी पीत बसलेले आईबाप खाली वाकून बघायचे. नाताळापर्यंत त्यानं हिरवा बिल्ला मिळवला, ईस्टरला निळा. बिल्ले कापडाचे असतात, मुलं ते जाकिटावर शिवून घेतात. त्यानंही शिवले, फरशीच्या कामावरच्या जाकिटावर. गिऱ्हाइकं विचारायची आणि तो सविस्तर सांगायचा. न्हाणीघरं उशिरा होऊ लागली.

दुसऱ्या वर्षी मी त्याला शाळेच्या वेळेआधी सकाळी एकट्याला शिकवू लागले. त्याला उलटं जाता येऊ लागलं, दोन पायांवरची गिरकी आली, एका पायावरची तीन फेऱ्यांपर्यंत आली. अडलं ते सालकोवपाशी. ही उडी शंभर वर्षांपूर्वीच्या आमच्याच देशातल्या एका माणसाच्या नावाची. उलटं जात जात डाव्या पायाच्या आतल्या कडेवरून उडायचं, हवेत पूर्ण फेरी घ्यायची आणि उजव्या पायावर, उलटंच, उतरायचं. रॉनी उडायचा झकास. डोक्यानं बॉल मारणारा माणूस तो, त्याला उडायला काय शिकवायचं? उतरताना मात्र दर वेळी बसकण. येर्केरनं यंत्राच्या काचेवर खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. फेब्रुवारीत दोनशे अकरा रेघा झाल्या आणि त्याला समोरचं दिसेना, तेव्हा मी त्या पुसायला लावल्या.

सुंड्सवालला मार्चमध्ये मोठ्यांच्या स्पर्धा असतात, अठ्ठावीस वर्षांपासून पुढे कितीही. रॉनी अर्ज घेऊन आला. दोघं कॉफीच्या खोलीत बसलो, मध्ये दालचिनीचे बन.

"स्पर्धा कशाला हवी?" मी विचारलं. "इथं छान चाललंय की. मुलं आहेत, बन आहेत."

त्यानं बनावरची साखर बोटानं टिपली.

"माझा शेवटचा सामना बघितला होतास?"

बघितला होता. सगळ्या गावानं बघितला होता. त्याच्या शेवटच्या वर्षातला शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर. जिंकलो असतो तर संघ वरच्या गटात राहिला असता. एकतिसाव्या मिनिटाला त्यानं एकाला पाडलं आणि रेफरीनं लाल कार्ड काढलं. तो मान खाली घालून बाहेर चालत गेला. एकोणीस वर्षं टाळ्या वाजवणारी माणसं, दोन्ही बाजूंनी गप्प. संघ हरला, खालच्या गटात गेला. त्यानंतर रॉनी मैदानात उतरलाच नाही.

"लोक विसरले आता," मी म्हणाले.

"माहितेय. येर्केर पण काही बोलत नाही, म्हणजे बघ. पण मी शेवटी मैदानातून निघालो तो हाकललेला. मला एकदा, लोकांसमोर, शेवटापर्यंत आत राहायचंय. शेवटचा सूर वाजेपर्यंत. मग स्वतःच्या पायानं बाहेर यायचं. नंबर शेवटचा आला तरी चालेल."

"मग सालकोव काढून टाकू. साधी अर्ध्या फेरीची उडी ठेवू. पडायचा प्रश्नच नाही."

"नाही. सालकोव राहू दे."

"दोनशे अकरा वेळा पडलास."

"दोनशे बारावी उडी राहिलीय की," तो म्हणाला आणि माझ्या वाटणीचाही बन खाऊन टाकला.

स्पर्धेच्या दिवशी भाड्याच्या लहान बसनं आम्ही गेलो. रॉनी, मी, येर्केर, संघातले आणखी तिघे जुने खेळाडू गळ्यात क्लबाचे मफलर घालून, आणि तिंद्रा तिच्या आईबरोबर. तिंद्रानं त्या हिवाळ्यात दोन स्पर्धा केल्या होत्या, त्यामुळे वाटभर तिचं प्रशिक्षण चालू होतं.

"पडलास तर हसायचं."

"ठीक."

"रडायचं असेल तर नंतर, बाकावर. तिथं रुमाल असतात."

"ठीक."

"आणि नाक पुसायचं नाही. फोटो काढतात."

"माझं नाक कसलं गळतंय?"

"बर्फावर सगळ्यांचं गळतं," तिंद्रा म्हणाली. हे खरं आहे.

त्याच्या गटात चौघं होते. एक दातांचा डॉक्टर, एक चर्चमधला ऑर्गनवादक, उमेओचा एक सत्तर वर्षांचा निवृत्त टपालवाला आणि रॉनी. रॉनीची पाळी तिसरी. अंगात निळा शर्ट, बायकोनं शिवलेला, छातीवर चमकत्या टिकल्यांची एक तिरकी ओळ. कपडे बदलून तो बाहेर आला तेव्हा चार जुने खेळाडू उभे राहिले. चौघांचीही नजर टिकल्यांवर.

"बोला की," रॉनी म्हणाला.

"मी विचार करतोय," येर्केर म्हणाला, "हा शर्ट तेव्हा असता तर समोरचे आंधळे झाले असते. आपण एकही सामना हरलो नसतो."

सुंड्सवालचा तो हॉल म्हणजे शीतकपाटच. पंच गोधड्या पांघरून बसले होते. मी कठड्याच्या फाटकापाशी उभी राहिले. रॉनीनं हेल्मेट शोधल्यासारखं डोकं चाचपलं, पण ते नव्हतंच, मोठ्यांना लागत नाही. मग दोन्ही हातांनी त्यानं कठडा घट्ट धरला. फरशीचा चाळीस किलोचा गठ्ठा उचलणारे ते हात.

"घड्याळ कुठंय?" त्यानं विचारलं.

"पंचांच्या डोक्यावर."

"बरंय," तो म्हणाला आणि गेला.

अकॉर्डियन सुरू झालं. जुनी नाचाची चाल, गावातल्या उन्हाळी नाचाला वाजते तशी. एक मिनिट पन्नास सेकंदांच्या आत सगळं आटपायचं असतं. पहिली गिरकी नीट झाली. मग कडेकडेनं मोठं वळण, मान वर, पाठ सरळ. मी श्वास घ्यायला सुरुवात केली. मग तो उलटा वळला, डावा पाय आतल्या कडेवर आला, उजवा पाय मागून पुढे झुलला, आणि ब्याण्णव किलो हवेत गेले.

तो उतरला.

उजव्या पायावर. उलटा. डावा पाय मागे लांब, हात बाजूला. जरासा डुलला, पण पडला नाही. अशी सरळ, गोल, चकचकीत उतरण मी काही चांगल्या मुलांचीही पाहिली नव्हती.

आता पुढं छोट्या पावलांची ओळ होती. पण रॉनीच्या डोक्यात पावलं नव्हती. त्याच्या तोंडातून अशी आरोळी निघाली की अकॉर्डियन ऐकू येईना. दोन्ही मुठी वर गेल्या. तो सुसाट सुटला, कोपऱ्याकडे, जिथं मफलर दिसत होते तिकडे, आणि वाटेत दोन्ही गुडघ्यांवर बसला. गवतावर माणूस असा तीनचार हात घसरतो. बर्फावर रॉनी निम्मं मैदान घसरत गेला, छाती पुढे, टिकल्या चमकताहेत, आणि धाडदिशी कठड्यावर जाऊन आदळला. उठला तो येर्केरच्या गळ्यातच. चौघंही जुने खेळाडू कठड्यावरून अर्धे आत लोंबत होते आणि पाचजण एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत ओरडत होते. येर्केर रडत होता. एकोणीस वर्षांत त्यानं शंभर वेळा दुसऱ्यांच्या गोलाला अशी मिठी मारली असेल, शेदीनच्या गोलाला एकदाही नाही.

सगळा हॉल हसत होता, टाळ्या वाजवत होता. मीही उड्या मारत होते आणि ओरडत होते, "पावलं! रॉनी, पावलं!"

त्यानं मागे वळून पाहिलं. समोर पंचांचं टेबल. मुख्य पंच एक धिप्पाड बाई होत्या, हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी ते पुसलं आणि आता पुरे, पुढं चालू दे, अशी खूण करायला हात वर केला. हातात लोकरीचा लाल हातमोजा होता.

रॉनीचं हसू जागच्या जागी थांबलं. खांदे पडले, मान खाली गेली. दोन हात वर करून त्यानं मान्य केलं आणि तो माझ्याकडे, फाटकाकडे येऊ लागला. अकॉर्डियन वाजतच होतं.

मला काही कळेना. तो फाटकाशी आला तेव्हा मी विचारलं, "कुठं चाललास?"

"लाल दाखवलं."

"काय लाल?"

"कार्ड. बरोबर आहे तिचं. मी कठड्याबाहेर गेलो, प्रेक्षकांत गेलो. जाऊ दे, गुनवोर. दार उघड."

मी टेबलाकडे पाहिलं, लाल हाताकडे पाहिलं, आणि कळलं. मी फाटकाची कडी घट्ट लावली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"गाढवा! तो हातमोजा आहे!"

"काय?"

"हातमोजा! लोकरीचा! तिला थंडी वाजतेय! इथं कार्डं नसतात, इथं कुणालाही बाहेर काढत नाहीत. तू गुडघ्यावर घसरलास, फार तर गुण कापतील!"

"नक्की?"

"पन्नास वर्षं शिकवतेय! मी म्हणते! जा!"

"किती वेळ राहिला?"

"वीस सेकंद!"

"वीस सेकंदांत काय होतंय?"

"तू गेलास तर होईल! जा!"

वरून तिंद्राचा आवाज आला, हॉलभर घुमणारा. "रॉनी, गाणं चालू आहे अजून!"

तो वळला. असा वळला की फाटकावर बर्फाचा फवारा उडाला, माझ्या चष्म्यावर आणि कोटावर. पुसलेल्या काचेतून पाहिलं तेव्हा तो मैदानाच्या मधोमध पोचला होता आणि पावलांची ओळ करत होता. वीस सेकंदांत बसेल अशी ती ओळ नव्हती. पण तो एकही पाऊल गाळेना. उजवा, डावा, वळण, उलटा, वळण. अर्ध्यात असताना अकॉर्डियनचा शेवटचा सूर लांबला, बारीक झाला आणि संपला.

इथं माणूस थांबतो. संगीत संपलं की हात वर करून उभं राहायचं, पुढं केलेल्याला गुण नाहीत, हे मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं. रॉनी थांबला नाही. सगळा हॉल शांत, फक्त त्याच्या पात्यांची खरखर. त्यानं उरलेली पावलं पूर्ण केली. साधी उडी होती, ती मारली. मग शेवटची, एका पायावरची गिरकी.

येर्केरनं टाळी सुरू केली. मैदानात वाजवतात तशी, डोक्यावर हात नेऊन, सावकाश ठेक्यात. मग बाकीचे तिघं. मग ऑर्गनवादक, जो कॉफी ठेवून उभा राहिला होता. मग सगळेच. मुख्य पंच बाईंनीही वाजवली, लोकरीचे हात असल्यामुळे आवाज काही आला नाही. रॉनी त्या ठेक्यावर फिरत होता. तीन फेऱ्या झाल्या. चार झाल्या. चौथी सरावात कधीच झाली नव्हती. पाचवी अर्धीमुर्धी झाली, तो लटपटला, पाय खाली टेकला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. नाक गळत होतं. पुसलं नाही.

मग तो वाकला. समोर वाकला, डावीकडे वाकला, उजवीकडे वाकला, मागे वळून रिकाम्या बाकांनाही वाकला. उमेओचा टपालवाला माझ्याशेजारी येऊन उभा होता, आपल्या पाळीसाठी.

"हा बाहेर येणारे का?" त्यानं विचारलं.

"येईल."

"मी सत्तरीचा आहे."

"त्याला घाई करू नकोस," मी म्हणाले.

फाटकाला टेकून टपालवालाही टाळ्या वाजवू लागला.

रॉनी आला तो सावकाश, मान वर, घड्याळाकडं बघत. मी कडी काढली. तो बाहेर आला आणि माझ्या अंगावर इतका भार टाकून उभा राहिला की टपालवाल्याला मला मागून धरावं लागलं.

"किती वेळ होतो आत?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"दोन मिनिटं एकवीस सेकंद."

"आणि नियम?"

"एक पन्नास."

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि समाधानानं मान हलवली. "बरोबर आहे. मध्ये वेळ वाया गेला होता ना, तो शेवटी भरून द्यावा लागतो."

"इथं देत नाहीत, रॉनी."

"देत नसतील," तो म्हणाला, "मी घेतला."

तेवढ्यात तिंद्रा बाकांच्या पायऱ्या उतरून धावत आली आणि रुमालांचा डबा त्याच्यापुढे धरला. त्यानं एकदम सात काढले.